बाकी एक

१

निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, पेटी शिकतात, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन भांडतात. विश्राम चक्रदेवांनी भागाकार करायला घेतले. कल्याणच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवलेला माणूस चौथीतल्या पोरासारखा मांडीवर पाटी घेऊन बसतो, याचं ओळखीपाळखीच्या लोकांना हसू येई. सुमतीबाईंना मात्र ते सोयीचं वाटत होतं. नवरा डोळ्यांसमोर आहे, पंख्याखाली बसलाय, स्वयंपाकघरात लुडबुड करत नाही. या वयात आणखी काय मागायचं?

कोपरला, खाडीच्या अंगाला, मैत्रीधाम नावाच्या जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक लांबट खोली. मधल्या खोलीत खिडकीपाशी दोन वेताच्या खुर्च्या. दुपारची झोप झाली की विश्रामराव त्यातल्या एका खुर्चीत बसत आणि पेन्सिलीची करकर सुरू होई. मधूनच पुटपुटणं ऐकू येई, "उरले पंचाऐंशी." मग ओल्या फडक्याने पाटी पुसल्याचा आवाज, आणि पुन्हा करकर. चहाची वेळ होईपर्यंत हे चाले.

भागणारे आकडे बदलत. जिला भागायचं ती संख्या मात्र रोज तीच.

ती आली कुठून, तर त्यांची मुलगी ऋजुता घोडबंदर रोडला राहायची, तिने ऑफिसच्या ग्रुपवरचं एक कोडं बाबांना पाठवलं होतं. एका ठिकाणी पेढे आहेत. दोघांत सारखे वाटले तर एक उरतो, तिघांत वाटले तर एक उरतो, असं करत करत बावीस जणांत वाटले तरी प्रत्येकाला पेढे मिळून एकच उरतो. तर पेढे कमीत कमी किती? विश्रामरावांनी ते जेवता जेवता सोडवलं, आणि हात धुऊन आल्यावर, कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सुमतीबाईंना समजावूनही सांगितलं.

"ही बघ. तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ. हिला दोनने भाग जातो, तीनने जातो, चारने, पाचने, थेट बावीसपर्यंत कुणालाही विचार. सगळ्यांशी इतकं जमवून घेणारी संख्या याहून लहान सापडायची नाही."

"बरं."

"आता हिच्यात एक मिळवला. पाचशे एकसष्ट. झालं! आता कुणाशीच जमत नाही. दोघांत वाटा, एक उरतो. बावीस जणांत वाटा, एकच उरतो."

"तो एक म्हणजे तुम्ही मिळवलेलाच ना?"

"तोच."

"मग त्यात नवल ते काय?"

"नवल पुढे आहे," ते म्हणाले. "बावीसच्या पुढे ही शिस्त मोडते. तेवीसने भागलं तर सोळा उरतात. एकोणतीसने वीस. मग पुढे कुठेतरी कुणीतरी असा भेटेल का, की ज्याने भागल्यावर काहीच उरत नाही? की ही कुठेच फुटत नाही?"

ते शोधायचं तर पंधरा हजार अडीचशेच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून बघायला हवं होतं. त्यापुढे जायची गरज नव्हती. दोन तुकडे पडणारच असतील तर त्यातला एक तरी तेवढ्यात सापडतो. अशा मूळ संख्या सतराशे-अठराशे तरी भरतात. ऋजुताने दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगून टाकलं, "बाबा, मी कॉम्प्युटरवर टाकून बघितलं. प्राइम आहे. फुटत नाही. अर्धा सेकंदपण नाही लागला."

"असेल," विश्रामराव म्हणाले. "मला माझ्या हाताने बघायचंय."

२

पहिल्यांदा झालं ते इतकं क्षुल्लक होतं की सुमतीबाईंनी ते कुणाला सांगितलंही नसतं.

दुपारचा चहा त्या मापाने करत. दोन कप पाणी नाही, दीड कप पाणी आणि अर्धा कप दूध, आटून दोघांना बरोब्बर. त्या दिवशी त्यांनी चहा गाळला आणि पाहिलं तर ओट्यावर तीन कप मांडलेले. तिसरा कप चुकून मांडला जाणं समजण्यासारखं होतं. मन दुसरीकडे असतं, हात आपलं काम करत असतात. पण तिन्ही कप काठोकाठ भरले होते. पातेल्यात दोघांपुरताच चहा होता, तो तिघांना पुरला होता.

पाणी जास्त पडलं असेल, असं त्या स्वतःला म्हणाल्या. ओतून देणं जिवावर आलं, म्हणून तिसरा कपही त्यांनीच पिऊन टाकला.

सुमतीबाईंची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत, डिस्पॅच खात्यात झाली होती. गाडीत चढणारी खोकी मोजणं हे त्यांचं काम. तिथे त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. माल कमी भरला तर कुणी फारसं घाबरत नसे. कुणीतरी ढापलाय, नाहीतर मागे राहिलाय, शोधलं की सापडायचा. जास्त भरला की मात्र साहेबांचा चेहरा उतरायचा. नसलेलं खोकं शोधता येतं. जास्तीच्या खोक्याचं काय करणार? ते तर समोरच असतं. आणि कुठलं ते म्हणावं, तर सगळी सारखीच.

चहाचं तसं होतच राहिलं. मग पोळ्यांचं. कणीक रोजच्याच मापाने भिजवलेली, गोळे मोजून केलेले, आणि डब्यात पोळी एक जास्त. सुमतीबाई मुकाट्याने स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी महिने उलटे म्हणायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. सुमतीबाईंनी न अडखळता सगळं केलं. "तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरी येताना जिन्यात खालची जया भेटली. जया म्हात्रे कोपर गावातलीच, माहेर-सासर दोन्ही इथलंच, आणि बोलायला मोकळी.

"काकी, पाहुणे आलेत काय तुमच्याकडं?"

"नाही गं. का?"

"दुपारची मी आडवी पडते ना, तर वर चालल्याचा आवाज येतो. तुमचा मला ठाऊक आहे, सपाता फटफट वाजतात. काका पाय ओढत चालतात. हा तिसरा हलका आहे. मला वाटलं ऋजुताच आलेय."

"आम्ही दोघंच आहोत," सुमतीबाई म्हणाल्या.

"मग भिंतीतनं येत असंल बाजूच्यांचा," जया लगेच म्हणाली. पण तिने सुमतीबाईंच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

३

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन होतं, मागाहून सत्यनारायण, आणि दुपारी गच्चीवर जेवणं. पहिल्या पंगतीची साठ कुपनं सेक्रेटरी काळुराम तांडेलांनी सुमतीबाईंच्या हवाली केली होती, कारण मोजामोजीत त्यांच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं. त्या आणि जया वाढायला होत्या. त्यांचं जेवण नंतर.

बारा-बाराच्या पाच रांगा धरल्या. पानं मांडली, माणसं बसली, आणि पाण्याच्या टाकीपाशी तांडेलांच्या बहीण रंभाताई उभ्याच राहिल्या.

"असू दे, मी मागच्या पंगतीला बसेन," त्या म्हणाल्या.

सुमतीबाईंनी लोकांकडून गोळा केलेली कुपनं मोजली. साठ. त्यात रंभाताईंचंही होतं. बसलेली माणसं मोजली. साठ. म्हणजे बिनकुपनाचं कुणीतरी बसलं होतं. त्या रांगांमधून पाण्याचा जग घेऊन हळूहळू फिरल्या आणि एकेक चेहरा पाहिला. पहिल्या मजल्यावरचे, तिसऱ्या मजल्यावरचे, तळमजल्याचे भाडेकरू. अनोळखी असं एकही तोंड नव्हतं. कुणाकडेही बोट दाखवून "तुम्ही कोण?" असं विचारावं, असं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात ओरडा झाला की टोकाच्या लोकांवर ऊन येतंय. कापडी मांडव अपुरा पडत होता. उठाबशा काढत लोकांनी पंधरा-पंधराच्या चार रांगा केल्या. या वेळी रंभाताईंना जागा मिळाली आणि पहिल्या मजल्यावरच्या तुळसाबाई उभ्या राहिल्या.

मग टाकीकडच्या बाजूला फरशी ओली निघाली. पुन्हा सगळे उठले. आता दहा-दहाच्या सहा रांगा. तुळसाबाई बसल्या. टाकीपाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं, आणि सुमतीबाई तिकडे जाणार तोच ते माणूस वळलं. तिसऱ्या मजल्यावरचे वाणी होते. ते कसनुसे हसले.

"अहो वहिनी," तांडेल वैतागून म्हणाले, "एक पान वाढवा की! मोजत काय बसलाय? माणसं भुकेजलीत."

सगळे हसले. सुमतीबाईंनी सहाव्या रांगेच्या टोकाला आणखी एक पान मांडलं आणि वाढायला घेतलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, शिरा. वाढताना माणूस पानाकडे बघतो, चेहऱ्याकडे नाही. त्या टोकाच्या पानावर त्यांनी दोनदा भात वाढला, कारण दोन्ही वेळा ते रिकामं होतं.

पंगत उठल्यावर पानं गोळा करायला त्याच वाकल्या. सगळ्या पानांत काही ना काही टाकलेलं होतं, कुणाची पुरी, कुणाची मिरची. टोकाचं पान मात्र लख्ख होतं. मीठसुद्धा नव्हतं. लिंबाची फोड, सालीसकट, गेली होती.

"जया, इथे कोण बसलं होतं गं?"

जया हातातली बादली खाली ठेवून आठवू लागली. "मी वाढलं की तिथं. पाणीपण दिलं." तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई होती. आपल्यातलीच होती कुणीतरी."

४

विश्रामराव त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून जेवायला वर आले नव्हते. सुमतीबाईंनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते घाबरले नाहीत, हसले नाहीत. खुशीने त्यांचे डोळे चमकले.

"एकसष्ट! अगं, ही आपल्या हिचीच धाकटी बहीण. दोन ते सहापर्यंत कशानेही भाग, बाकी एक. त्यांचं कूळच आहे. तीन, सात, तेरा, एकसष्ट, चारशे एकवीस, पंचवीसशे एकवीस. यातली एकही फुटत नाही. मध्येच एक आठशे एक्केचाळीस आहे, ती बिचारी फुटते, एकोणतीस गुणिले एकोणतीस."

"अहो, मी माणसांबद्दल बोलतेय."

"कळतंय मला."

"कळतंय तर बंद करा हे. पाटी द्या ती माझ्याकडे."

त्यांनी पाटी छातीशी धरली, हट्टी मुलासारखी. मग जरा शरमून म्हणाले, "सुमती, संख्या कुणाला काही करत नाहीत. मी भागाकार केला नाही तरी ती तिथेच आहे. मी जन्मायच्या आधीही होती. थोडंच राहिलंय, एवढं होऊ दे."

सुमतीबाई समोरच्या वेताच्या खुर्चीवर बसणार होत्या. का कोण जाणे, बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "तो जो एक असतो, त्याला दोघांत जागा नाही, तिघांत नाही, बाविसांत नाही. मग तो जातो कुठे?"

वर्गातल्या मागच्या बाकावरून अनपेक्षितपणे चांगला प्रश्न यावा, तसं विश्रामरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"जात नाही. उरतो."

"आणि त्या सगळ्यांशी जमवून घेणाऱ्या संख्येतून एक काढून टाकला तर?"

"पाचशे एकोणसाठ. मग उलटं होतं. दोघांत वाटायला जा, एक कमी पडतो. तिघांत, बाविसांत, कुठेही, एक कमीच." त्यांनी पेन्सिलीचं टोक फरशीवर घासलं. "एका बाजूला उरणारा, दुसऱ्या बाजूला कमी पडणारा. दोघांत अंतर केवढं, तर दोनाचं. मधल्याच्या हे लक्षातही येत नसेल."

यापुढे त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. सुमतीबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या मागोमाग विश्रामरावही आले, हाताला लागलेली पाटीवरची पूड धुवायला. मोरीशी दोघं शेजारी शेजारी उभी होती. नळ चालू होता. विश्रामरावांनी तो बंद केला.

मधल्या खोलीत पेन्सिलीची करकर चालू होती.

नळाच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. करकर थांबली नाही. सावकाश, सराईत हाताची. मग ओलं फडकं पाटीवरून फिरल्याचा आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा करकर.

सुमतीबाईंनी नवऱ्याच्या दंडाला धरलं. त्यांनी मान वळवली नाही. टॉवेलला हात पुसत, कुकरची शिट्टी व्हायची आहे अशा सुरात ते म्हणाले, "होईल आता. लवकर होईल. दोघं आहोत ना."

त्या 'दोघं'मध्ये आपण आहोत का, हे सुमतीबाईंना विचारावंसं वाटलं. त्यांनी नवऱ्याचा दंड सोडला.

५

शेवटची मूळ संख्या होती पंधरा हजार दोनशे एक्केचाळीस. त्या दुपारी विश्रामरावांनी मुद्दाम सुमतीबाईंना मधल्या खोलीत बोलावून घेतलं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. विश्रामरावांनी भागाकार मांडला, पंधरा हजार दोनशे चौऱ्याहत्तरचा भाग लागला आणि खाली उरले पंधराशे सत्तावीस.

"संपलं," ते म्हणाले. "कुठेच फुटत नाही. एकसंध आहे."

त्यांनी पाटी पुसली, भिंतीला टेकून ठेवली, आणि दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे उठून फिरायला निघून गेले.

सुमतीबाईंनी चहा केला. दोन कप मांडले, दोन कप भरले, पातेल्यात थेंब उरला नाही. रात्री पोळ्याही नेमक्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. जया जिन्यात भेटली तेव्हा त्यांनी आडून आडून विचारलं, तर ती म्हणाली, "नाही हो काकी, आता दोघांचंच वाजतंय." सुमतीबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

फक्त एकदा, कपाटाच्या आरशासमोर केस विंचरताना, त्यांच्या मनात आलं की डिस्पॅचला असताना जास्तीचं खोकं आपोआप नाहीसं झाल्याचं आपण कधी पाहिलं होतं का? हिशेब जुळला की साहेब सुटकेचा श्वास टाकायचे आणि गाडी जाऊ द्यायचे. पण गाडीत कुठली खोकी गेली आणि कुठलं मागे राहिलं, हे पुन्हा उघडून कुणी बघत नसे.

त्यांनी ऋजुताला फोन लावला. "अगं, आम्ही येतो चार दिवस तुझ्याकडे. बाबांनाही बदल हवाय."

"ये की! मी कधीची म्हणतेय," ऋजुता म्हणाली. "आणि तुझा आवाज काय छान येतोय गं आज. एकदम हलका."

सुमतीबाई त्या वेळी नीट बोलल्याही नव्हत्या. घसा बसला होता त्यांचा.

६

रविवारी सकाळी टॅक्सीने निघाले. शिळफाट्याला अडकले, माजिवड्याला अडकले, आणि घोडबंदर रोडवर तर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. विश्रामराव खिडकीतून पुढच्या गाड्यांचे नंबर वाचत होते, पण भागत नव्हते. नुसते वाचत होते आणि हसत होते.

ऋजुताचं संकुल म्हणजे एकासारखे एक सात टॉवर. ऋजुता आणि जावई साकेत दोघंही खाली न्यायला आले होते.

"आई, केवढं सामान! चार दिवसांसाठी आलात की कायमच्या?" साकेत म्हणाला आणि त्याने लाडवांचा डबा आणि दोन्ही पिशव्या उचलल्या.

कुणाच्या तरी घरी बारसं होतं. लिफ्टपाशी नटलेल्या बायकांची गर्दी होती. दार उघडल्यावर सगळे आत शिरले. साकेत सामान घेऊन कोपऱ्यात, त्याच्याजवळ ऋजुता, मागच्या आरशाला टेकून विश्रामराव. सुमतीबाई सगळ्यांना पुढे जाऊ देऊन शेवटी शिरल्या. जन्मभराची सवय. मुंजीत, लग्नात, पंगतीत, "तुम्ही व्हा पुढे, मी आहेच मागे," हेच त्यांच्या तोंडी असायचं.

लिफ्टची घंटी वाजायला लागली.

"ओव्हरलोड," कुणीतरी म्हणालं.

"कसं काय?" मागून विश्रामरावांचा आवाज आला. त्यांनी सवयीने मोजलं होतं. "आपण बारा जण आहोत. बारा चालतात, इथे लिहिलंय."

घंटी थांबेना. चिरका, एकसुरी आवाज. लोक एकमेकांकडे पाहू लागले. चेहऱ्यावर सगळ्यांच्या तेच, की उतरायचं कुणी? सगळे दाराकडे बघत होते, आणि दाराशी सुमतीबाई होत्या.

"थांबा, मी उतरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. मी मागाहून येते."

त्यांनी पाय बाहेर ठेवला आणि घंटी बंद झाली.

बाहेर आल्यावर त्या वळल्या. दार सरकायला लागलं होतं. त्या फटीतून त्यांना विश्रामराव दिसले. गर्दीत ते नेहमी करायचे तसा त्यांनी उजवा हात बाजूला धरला होता, बायकोला आधाराला. त्या हातावर एक हात होता. दोन हिरव्या बांगड्या आणि त्यांच्या मागे एक पाटली. चेहरा साकेतच्या खांद्याआड होता. ऋजुता त्याच बाजूला वळून हसत काहीतरी सांगत होती.

सुमतीबाईंनी आपलं मनगट पाहिलं. दोन हिरव्या बांगड्या आणि एक पाटली जागच्या जागी होती.

दार मिटता मिटता त्यांच्या डोळ्यांनी आपलं काम केलं. इतकी वर्षं गाडीचं दार लागायच्या आत खोकी मोजलेले डोळे ते. आत अजूनही बारा होते.

लिफ्ट वर गेली. दारावरचे लाल आकडे बदलत गेले, एका मजल्यावर थांबले, पुढे सरकले, पुन्हा थांबले. लॉबीत गार हवा होती आणि फुलांचा वास होता. टेबलामागे बसलेला वॉचमन सुमतीबाईंच्या अंगावरून पलीकडे, रस्त्याकडे बघत होता. त्या त्याच्यासमोरून दोनदा गेल्या. त्याची नजर हलली नाही.

मी दमलेय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आरसा होता मागे. आरशात माणसं दुप्पट दिसतात. पण मग अकराची बावीस दिसायला हवी होती.

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. बटण उजळलं नाही. दुसऱ्या बोटाने दाबलं, मग तळव्याने. मागून एक मुलगी कानाला फोन लावून आली, तिने बोट टेकवताच बटणाभोवती लाल कडं पेटलं.

पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर ऋजुताचं नाव होतं. सुमतीबाईंनी घाईघाईने तो कानाला लावला.

"हॅलो?" ऋजुता म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना ती लावायची, तो आवाज. "हा माझ्या आईचा फोन आहे. खाली लिफ्टपाशी पडला असेल बहुतेक. तुम्हाला सापडलाय का?"

"ऋजुता, अगं मी बोलतेय. मी, आई..."

"सॉरी, काही ऐकू येत नाहीये. खूप खरखरतंय." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही प्लीज तो वॉचमनकडे देऊन ठेवाल का? माझे मिस्टर येतील घ्यायला."

मागे घरातले आवाज येत होते. लाडवांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा. खुर्ची ओढल्याचा. विश्रामरावांच्या हसण्याचा, पुष्कळ दिवसांत ते असं हसले नव्हते. आणि मग त्यांच्याही पलीकडून, स्वयंपाकघराच्या बाजूने, एक आवाज आला. सुमतीबाईंनी तो पूर्वी कधी बाहेरून ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला एक क्षण लागला.

"त्यांना म्हणावं, काही घाई नाही हो. आम्ही चौघंही घरीच आहोत."